पुसलेला गंज

साडी घ्यायला जाताना पिशवीत वांगं घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पिंपरीच्या बाजारातल्या दुकानात मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, गादीवर बसायच्या, दुकानदार घड्या मोडून साड्यांचा ढीग लावायचा, आणि काकूंना एखादी पसंत पडली की मास्तर पिशवीतून वांगं काढून पदरावर ठेवायचे. मग दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “नको. वांगं मरतंय.” दुकानदार पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा वैतागला आणि तिसऱ्या खेपेपासून स्वतःच फिक्या, बिनफुलांच्या साड्या बाजूला काढून ठेवू लागला. काकू म्हणायच्या, मला कशी दिसते हे यांनी आजवर विचारलेलं नाही. त्या हे हसत हसत सांगायच्या, पण माहेरहून आलेली एक हिरवीगार जरीकाठी त्यांनी ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवली होती, यांच्या हाताला लागू नये म्हणून.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. आमच्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. तपासायला आलेला नग चष्मा कपाळावर चढवून, हात लांब करून असा बघायचे की समोरच्याला आपली वही तपासली जातेय असं वाटावं. त्यावरून कुणीतरी मास्तर म्हटलं आणि तेच चिकटलं. मी उदगीरकडून आलेला, त्याच खात्यात नवीन लागलेला, अजून कायम न झालेला. पिंपळे गुरवला गावठाणातल्या एका लांबड्या घरात त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि शेजारची एक माझी. मधली भिंत इतकी पातळ होती की मास्तर फोटो काढताना आकडे मोजायचे ते मला अंथरुणात ऐकू यायचे.

फोटो ते फक्त वस्तूंचे काढायचे. माणसांचे नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, “माणूस हलतो. आणि हलला नाही तर ऐटीत बसतो.” कॅमेरा जुना, वरून वाकून बघायचा, दोन भिंगांचा. एका रोलमध्ये बारा फोटो. तिपाई भंगारातल्या पाइपांची, स्वतः वेल्डिंग करून घेतलेली. घरात उत्तरेकडे एकच खिडकी होती आणि तिच्यासमोरचं टेबल हे त्या घरातलं देवघरच म्हणायला हवं, कारण तिथे कुणी चहाचा कप टेकवला तर काकूसुद्धा दचकायच्या. खिडकीला जुन्या धोतराचा पातळ तुकडा ताणून बांधलेला असायचा. उजेड त्यातून गाळून घ्यायचा, असं ते म्हणायचे. वस्तूची जी बाजू अंधारात राहील तिकडे चहाच्या खोक्यातली चांदी, म्हणजे आतली चकचकीत पन्नी, पुठ्ठ्यावर चिकटवून धरायची. मी एकदा हुशारी करून स्टीलची थाळी धरली तर म्हणाले, थाळी फार ओरडते, ठेव खाली.

मागे काय लावायचं यावर मात्र दिवसच्या दिवस जायचे. पोतं, घोंगडी, पाट, टीपकागद, तव्याची उलटी बाजू, सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा, दारातली सारवलेली जमीन, आणि अर्थात काकूंच्या साड्या. कांद्याला पोतं चालतं पण लसणाला चालत नाही. पितळेला निळं लावलं तर ते श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, म्हणून पितळेमागे राखाडी. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “फोटो बघून मागे काय होतं हे कुणाला सांगता आलं, तर फोटो फसला.” एका थंडीत त्यांनी एक वांगं अकरा दिवस टेबलावर ठेवलं. रोज वेगळी पाठ, रोज वेगळा उजेड. शेवटी वांगं सुरकुतलं तेव्हा काकू म्हणाल्या, आता तरी टाकू का? मास्तर म्हणाले, आता कुठे त्याला चेहरा आलाय. त्या संध्याकाळी आमटीत बटाटा पडला.

उन्हातल्या फोटोंचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. कुणी अंगणात उभं करून काढलेला कुटुंबाचा फोटो दाखवायला आणला तर ते कौतुकानं बघायचे आणि माणूस गेल्यावर म्हणायचे, “उन्हातला फोटो म्हणजे पंचनामा. नाकाखाली काय, डोळ्याखाली काय, सगळं लिहून घेतलंय.”

त्यांच्या या वेडाचा कंपनीला उपयोग झाला तो माहितीपुस्तिकेमुळे. पुण्याहून आलेल्या फोटोग्राफरनं झगझगीत दिवे लावून आमच्या गिअरांचे फोटो काढले आणि सगळे गिअर आरशासारखे पांढरे पडले. दात कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळेना. मास्तरांनी एक गिअर घरी नेऊ द्या म्हणून अर्ज केला. साहेब हसले, पण सही केली. घरच्या खिडकीत काढलेला तो फोटो आला आणि त्यानंतर दर महिन्याला आमच्या सायकलींच्या कॅरिअरवरून, काकूंच्या गोधडीत गुंडाळून, कंपनीचे सुटे भाग पिंपळे गुरवला येऊ लागले. गेटपासवर लिहिलेलं असायचं, ‘एक नग, फोटोसाठी, परत येणार.’

यात माझं काम भाग स्वच्छ करण्याचं. ते मला कुणी नेमून दिलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं. घासलेटानं ग्रीस काढायचं, तारेचा ब्रश मारायचा, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी जुन्या बनियनच्या चिंधीनं कोरडं करायचं. मास्तर कामावरून येईपर्यंत नग टेबलाजवळ तयार. ते त्याच्याकडे बघून नुसती मान हलवायचे. मला त्या मान हलवण्याचं फार अप्रूप होतं. घरापासून दूर राहणाऱ्या तरुण माणसाला कुणीतरी आपलं काम बघावं एवढंच हवं असतं, आणि मला ते मिळत होतं.

अशात एके दिवशी प्रेस शॉपमध्ये हुक तुटला. क्रेनला टांगलेला जड साचा खाली आला. नशीब की खाली कुणी नव्हतं, पण साचा फुटला, मशीनचा बेड तडकला आणि काम आठवडाभर बंद पडलं. साचा अडकवून वर न्यायला लावणारा माणूस होता दगडू. निघोज्याचा, घरची थोडी कोरडवाहू जमीन सोडून कंपनीत आलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. जेवणाच्या सुट्टीत आमच्याशेजारी बसायचा आणि भाकरीबरोबर आणलेला कांदा मास्तरांपुढे धरून विचारायचा, “याचा फोटू काढता का खाऊ?” त्याच्यावर आरोप आला की त्यानं साचा तिरका अडकवला आणि झटका बसला. कामावरून बंद केलं आणि चौकशी लावली. दगडूचं म्हणणं एकच होतं. “हुकाला आदीच चीर व्हती. म्या फोरमनला दोनदा सांगितलं व्हतं.” फोरमन म्हणाला, मला कुणी काही सांगितलेलं नाही. कागदावर काहीच नव्हतं.

चौकशीच्या कागदांना जोडायला तुटलेल्या हुकाचा फोटो हवा होता, आणि फोटो म्हटलं की आता मास्तरच. बुधवारी दुपारी माझ्या सहीच्या गेटपासवर हुकाचे दोन तुकडे पोत्यात बांधून बाहेर पडले. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारी उजेड बघून फोटो काढायचा असं ठरलं. मास्तर कामावरून परस्पर पुण्याला रोल आणायला गेले आणि मी पोतं घेऊन घरी आलो.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. मी तुकडे पोत्यातून काढले, ओट्यावर ठेवले आणि घासलेटची बाटली काढली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मनात काहीच नव्हतं, हेच खरं. नग फोटोला आला की तो स्वच्छ करायचा, एवढंच माझ्या हातांना माहीत होतं. ग्रीस काढलं. तुटलेल्या दोन्ही तोंडांवर एका कडेनं तांबूस गंज बसलेला होता, तो ब्रशनं निघेना म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि चांगला पाऊण तास घासला. दोन्ही तोंडं लखलखली. मी ती टेबलाजवळ मांडली आणि मान हलण्याची वाट बघत बसलो.

मास्तर आले, चप्पल काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि तसेच उभे राहिले. मान हलली नाही.

“तोंडावर काय होतं?” त्यांनी विचारलं.

“गंज होता थोडा. काढला.”

“सगळ्या तोंडावर?”

“नाही. अर्ध्याच.”

हे बोलताना मला कळलं. ताजं तुटलेलं लोखंड लगेच गंजत नाही. अर्ध्या तोंडावर गंज होता म्हणजे तेवढी चीर जुनी होती, तिच्यात कित्येक दिवस हवा-पाणी शिरत होतं. दगडू खरं सांगत होता आणि त्याचा एकमेव साक्षीदार मी चिंधीनं पुसून टाकला होता. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी मला खाली बसवलं आणि विचारायला लागले. कुठल्या कडेनं होता? आतपर्यंत किती? तांबूस म्हणजे कसा, विटेसारखा की काताच्या रंगाचा? मी म्हणालो, काताचा. कुठे संपत होता, सरळ रेघेत की वाकडा? गोलसर, मी म्हणालो. चंद्रकोरीसारखा.

मी सुचवलं की मिठाचं पाणी लावून ठेवू, दोन दिवसांत पुन्हा गंज येईल. काकूंनी माझीच बाजू घेतली. त्या म्हणाल्या, त्या माणसाच्या घरी पाच तोंडं आहेत, गंज होता तिथेच पुन्हा आणायचाय, त्यात खोटं काय? मास्तरांनी तुकडे उचलून पुन्हा पोत्यावर ठेवले. मग म्हणाले, “वस्तूला मी कधी खोटं बोलायला लावलं नाही. आता लावणार नाही.” काकू उठून आत गेल्या. त्यांनी भांडी आदळली तेव्हा मला त्यांचंच पटत होतं.

गुरुवारचा दिवस मी विसरणार नाही. उजाडताच मास्तरांनी धोतराच्या आडून गाळलेल्या उजेडात तुकडा ठेवला. सुरेख दिसला. इतका सुरेख की सगळं तोंड एकसारखं, जुनं काय आणि नवं काय कळेना. मागे तवा लावला तर हुकाची कड काळ्यात बुडाली. पांढरा कागद लावला तर हुकच काळा पडला. काकूंची एकेक साडी आली आणि गेली. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चुलीतली राख घासून त्यांनी मातकट राखाडी पाठ तयार केली. मग उठले आणि धोतर सोडून टाकलं. कॅमेरा, टेबल, सगळं उचलून आम्ही पूर्वेच्या दारात नेलं. दाराच्या फळ्या ओढून बोटभर फट ठेवली आणि तिच्यातून येणारं कोवळं ऊन तुकड्याच्या तोंडावरून अगदी आडवं जाईल असं बसवलं. त्यांना न आवडणारं ऊन, नागडं, काहीही न लपवणारं.

“आता बघ,” ते म्हणाले.

मी वाकून भिंगात पाहिलं. तोंडाचा एक भाग गुळाची ढेप फोडल्यासारखा दाणेदार होता. दुसरा गुळगुळीत. त्यातलं बरंच माझ्या कागदानं खाल्लं होतं, पण कडेच्या एका खळग्यात, जिथे बोट पोहोचलं नव्हतं, तिथे एकात एक अशा बारीक कोरीव रेषा दिसत होत्या. चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत गेल्याच्या खुणा. बाराही फोटो त्यांनी त्या एका खळग्यावर घालवले. प्रत्येकाला मोठ्यानं आकडे मोजले. काकू दारात येऊन उभ्या होत्या आणि चांदीचा पुठ्ठा त्यांनीच धरला होता.

संध्याकाळी मास्तरांनी मला विचारलं, “चौकशीत विचारतील. काय सांगणार?” मी म्हणालो, जे झालं ते. ते बरं म्हणाले आणि विषय सोडून दिला.

माझी परिस्थिती सांगितली पाहिजे, सबब म्हणून नव्हे. मला कायम व्हायला महिना राहिला होता. लग्न ठरलं होतं आणि मुलगा कंपनीत कायम होणार यावरच ठरलं होतं. चौकशीतला पुरावा घासून टाकणाऱ्या माणसाला कोण कायम करणार? हा विचार चौकशीच्या दिवसापर्यंत मी शंभरदा केला आणि दर वेळी ठरवलं की तरीही सांगायचं.

चौकशी ऑफिसच्या मागच्या खोलीत होती. टेबलापलीकडे चौकशी करणारे साहेब, एका बाजूला फोरमन, भिंतीला टेकून दगडू. धुतलेला सदरा घालून आला होता आणि टोपी हातात धरली होती. मास्तरांनी फोटो मांडले, रेषा दाखवल्या. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, या रेषा साफ करताना पडल्या नसतील कशावरून? भाग साफ केलेला दिसतो. कुणी केला?

खोलीत पंखा फिरत होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या फोटोकडे बघत होते आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते, फोटो काढताना मोजायचे तसे. ते मला वेळ देत होते. मला ते तेव्हाही कळलं होतं. मी तोंड उघडलं आणि ते पुन्हा मिटलं.

“मी केला,” मास्तर म्हणाले. “सवयीनं. चूक झाली माझी. पण करण्याआधी मी पाहिलंय. अर्ध्या तोंडावर गंज होता, काताच्या रंगाचा, आतली कड चंद्रकोरीसारखी. चीर जुनी आहे साहेब. मी बावीस वर्षं लोखंड तपासतोय.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही नग घेऊन गेला होता. असंच होतं का?”

“हो साहेब,” मी म्हणालो.

मास्तरांच्या बोलण्यातली गंजाची सगळी माहिती माझी होती. त्यांनी तो गंज डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. हुकाला मिठाचं पाणी लावायला तयार नसलेला माणूस सगळ्यांसमोर सरळ खोटं बोलला आणि आवाजसुद्धा कापू दिला नाही. त्यांचा शब्द कंपनीत चालायचा. तो चालला.

दगडूला परत घेतलं. हुक, साखळ्या तपासायची वही सुरू झाली. मास्तरांना लेखी ताकीद मिळाली, फोटोचं काम गेलं, आणि इन्स्पेक्शनमधून काढून त्यांना स्टोअरला बसवलं. तिथे नटबोल्ट मोजून द्यायचे, बघायचं काही नसायचं. महिन्यानं मी कायम झालो. पेढे घेऊन शेजारी गेलो तेव्हा टेबलावर दोडका होता आणि मागे काकूंची कुठलीशी साडी. मास्तरांनी पेढा खाल्ला, चांगलं झालं म्हणाले आणि मला चांदीचा पुठ्ठा धरायला लावला. मी धरला. मला बोलायचं होतं. ते आकडे मोजायला लागले आणि मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर, मला बोलायला लागू नये म्हणूनच ते मोजत होते असं मी मनाशी ठरवून टाकलं, कारण ते सोयीचं होतं.

लग्नानंतर मी सांगवीला बिऱ्हाड केलं. जाणं-येणं कमी होत गेलं. एवढ्या जवळच्या माणसाकडे आपण का जात नाही, असं बायकोनं विचारलं की मी शिफ्टचं कारण सांगायचो. निवृत्तीनंतर मास्तर काकूंना घेऊन गावी गेले आणि पुढे चारेक वर्षांनी ते गेल्याचं पत्र कंपनीच्या पत्त्यावर आलं.

ते पत्र दगडूनंच मला आणून दिलं. तोवर तो प्रेस शॉपमधला जुना, मानाचा माणूस झाला होता. आम्ही कँटीनमध्ये बसलो. त्यानं दोन चहा सांगितले आणि एक कपबशी माझ्याकडे सरकवली.

“चुकी त्यांची व्हती राव, न्हाई म्हनत न्हाई,” तो म्हणाला. “पर साऱ्यांम्होरं कबूल झाले. माझ्या पोरांनी भाकरी खाल्ली ती त्येच्यामुळं. त्यांच्या जागी दुसरा कोनी असता, तर गप बसला असता.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती.

मी म्हणालो, “हो, बसला असता.”